दम पुरेल तेवढं

१९ एप्रिल, सकाळ

प्रिय भागीरथा,

तुझं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अडतीस वर्षांच्या संसारात मी तुला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. आधी नुसतंच 'अवं', मग प्रफुल झाल्यावर 'प्रफुलची माय'. आज कागदावर तुझं नाव माझ्याच अक्षरात पाहिलं आणि लाजल्यासारखं झालं. घरात कोणी नाही, तरी दाराकडे पाहून घेतलं. जंगल खात्याची दैनंदिनी सोडली तर मी जन्मात फारसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे पत्र मधेमधे त्या दैनंदिनीसारखं वाटलं तर हसू नको. आणि चष्मा लावून तुझं तूच वाच. साधनाला वाचून दाखवायला सांगू नको. सून आपली चांगली आहे, पण हे तिच्यासाठी नाही.

फोन असताना हे काय नवीन, असं तुला वाटेल. पण तुझा फोन म्हणजे सगळ्या घराचा फोन. साधना तो मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवते, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात, प्रफुल दुसऱ्या खोलीतून ओरडतो, 'बाबाले म्हणा, स्वेटर घालत जा,' आणि दिव्यानी म्हणते, 'आबा, मांजरीला फोन दे.' त्या गलबल्यात माणूस काय बोलणार? 'जेवले काय?' 'जेवलो.' 'ऊन हाय काय तिकडे?' 'हाय.' एवढ्यात आपलं संपतं. तू म्हणतेस, 'तुमच्यापाशी तं बोलाले काईच नसते.' असतं, भागीरथा. पुष्कळ असतं.

इकडे मोहाची फुलं गळायला लागली आहेत. सकाळी अंगणात उभं राहिलं की नाल्याकडून तो गोड, जड वास येतो. बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत निघतात. तू नसतानाचा हा तिसरा मोह. दिव्यानी झाली तेव्हा तू सहा महिन्यांसाठी म्हणून नाशिकला गेलीस. मग साधनाची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग पोरीला पाळणाघर मानवलं नाही, मग तिचं आजारपण. यात कोणाचीच चूक नाही. पण तू निघालीस त्या दिवशी बसच्या खिडकीतून सांगितलं होतंस, 'लोणच्याची बरणी उन्हात ठेवा अधूनमधून,' आणि मी ती अजून ठेवतो. लोणचं कधीच संपलं. तू लावलेली तोंडलीची वेल कुंपण ओलांडून शेजारी लटारूच्या परसात गेली आहे आणि तोंडली आता तोच खातो. वर मलाच सांगतो, 'भाऊ, यंदा तोंडली लय गोड हायत.'

गाय मी लटारूकडे दिली हे तुला माहीत आहे. चाऱ्याची अडचण आहे असं मी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. बाकीचंही सांगतो. बाज मी मागच्या खोलीतून पुढे आणली आहे. वाकावं लागू नये म्हणून पाण्याचा माठ स्टुलावर ठेवला आहे. कपडे बसून घालतो. आंघोळीनंतर लगेच अंग पुसत नाही, ओलाच थोडा वेळ दगडावर बसतो. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, म्हणून आता लपवत नाही. माझी छाती खराब झाली आहे.

खोकला तुझ्या ओळखीचा आहे. त्याला आपण बिडीचा खोकला म्हणायचो आणि तू सकाळी तो ऐकून चहाचं आधण ठेवायचीस. पण तू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात खोकल्यासोबत दम लागायला लागला. आधी नाल्याच्या चढावर. मग हातपंपावरून बादली आणताना. मग चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी. तीस-बत्तीस वर्षं दिवसाला वीस-वीस किलोमीटर जंगलाचं बीट फिरलेला माणूस मी, आणि घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत जाताना तीनदा थांबायला लागलो. लोकांना कळू नये म्हणून युक्त्या करायचो. दिनेशच्या गोठ्यापाशी उभा राहून त्याच्या बैलांचं कौतुक करायचो. पंचायतीच्या भिंतीवरचे कागद वाचायचो. ते कागद मला पाठ झाले. दिनेशला वाटलं, मला त्याची जोडी विकत घ्यायची आहे.

फोनवर मी दोन शब्दांत उत्तर देतो त्याचंही कारण तेच होतं. चार शब्द सलग बोललो की मधे हवा ओढावी लागायची, आणि तो आवाज तुझ्या कानाने लगेच ओळखला असता. लांबच्या पावलांवरून 'आज हे चिडून आले' असं ओळखणारी तू. म्हणून मी बोलणं कापत गेलो. तू तो राग समजलीस.

डिसेंबरात एका सकाळी थंडी फार होती. मी हातपंपावर गेलो, दहा-बारा वेळा दांडा मारला आणि छातीचं दार बंद झाल्यासारखं झालं. हवा आत घेतो आहे, घेतो आहे, आणि काहीच आत जात नाही. पंपाच्या ओट्यावर बसलो तो उठलोच नाही. ओठ निळे पडले होते म्हणे. मंगली पाण्याला आली होती, तिने आरडाओरडा केला. लटारूने ऑटो आणला आणि मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सहा दिवस मी तिथे होतो, नाकात ऑक्सिजनची नळी. लटारू म्हणाला, 'प्रफुलले फोन लावतो.' मी हातानेच नाही म्हटलं. त्या सहा दिवसांत तुझे चार फोन आले. लटारूने उचलून सांगितलं, 'भाऊ वावरात गेले, फोन घरीच राह्यला.' चौथ्यांदा तू त्याला म्हणालीस, 'त्यायले सांगा, बोलाचं नसन तं नका बोलू.' लटारू भोळा माणूस. त्याने निरोप जसाच्या तसा माझ्या कानाशी येऊन सांगितला. मी डोळे मिटून पडून राहिलो. नर्सला वाटलं, झोप लागली.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, 'काका, धूर किती वर्षं?' मी विचारलं, 'बिडीचा का वणव्याचा?' तो हसला, मग म्हणाला, दोन्हींचा सांगा. उन्हाळ्यात जंगलाला आग लागली की आम्ही हिरव्या फांद्या घेऊन ती झोडपायचो, तोंडाला ओला दुपट्टा एवढंच. काम संपलं की दम खायला बसायचो आणि बसलो की बिडी पेटवायचो. हे डॉक्टरला सांगताना मलाच कसंसं झालं. त्याने स्पष्ट सांगितलं, फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला, तो परत येत नाही. जो उरला आहे तो नीट वापरायला शिका. तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप दिला, रोज दोन वेळा ओढायचा. बिडी त्या दिवसापासून बंद आहे. तुझा विश्वास बसणार नाही, लटारूला विचार. आणि डॉक्टरने एक चिठ्ठी दिली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी श्वासाच्या व्यायामाला यायचं.

त्या वर्गाची बाई म्हणजे चंद्रपूरहून येणारी एक पोरगी. कहकशाँ तिचं नाव. आपल्या साधनापेक्षाही लहान असेल. पहिल्या दिवशी मी चिडलोच होतो. म्हटलं, 'मी जंगलात जन्म काढला, मले चालणं शिकवता काय?' ती शांतपणे म्हणाली, 'चालणं तं तुमाले येतेच, काका. श्वास सोडणं येत नाई.' मग तिने समजावलं. आमच्यासारख्यांच्या छातीत जुनी हवा अडकून बसते. ती बाहेर गेली नाही तर नवी येणार कुठे? आम्ही मात्र घाबरून नुसती आत ओढत राहतो. म्हणून नाकाने श्वास घ्यायचा, मनात एक-दोन म्हणायचं, आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, एक-दोन-तीन-चार. 'चहा गरम हाय समजा अन् फुंकर मारा. पण कपातला चहा सांडला नाई पाहिजे.' शेजारी मूल गावचे नईमभाऊ बसले होते, गाद्या भरणारे, जन्मभर कापूस पिंजलेले. ते म्हणाले, 'बेटी, कापूस उडू नाई म्हणून मी जिंदगीभर श्वास धरून बसलो, अन् आता तू म्हणते सोड.' सगळे हसले, आणि हसताना सगळ्यांनाच दम लागला.

तिथे आम्ही सात-आठ जण असतो. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, पुन्हा बसायचं, आणि उठताना श्वास सोडायचा. जोर लावायची वेळ आली की श्वास सोडायचा, धरायचा नाही. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली करायच्या. एका पायरीवर चढायचं, उतरायचं. पोटावर हात ठेवून पोट फुगवत श्वास घ्यायचा. दम फारच लागला तर घाबरून आडवं पडायचं नाही, पुढे वाकून कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि फुंकर चालू ठेवायची. कहकशाँ म्हणते, 'दम लागते म्हणून तुमी बसता, बसता म्हणून पाय गळतात, अन् पाय गळले का अजून दम लागते. हे चक्कर तोडाचं हाय.' महिनाभराने मला पहिल्यांदा जाणवलं की सकाळी सदऱ्याची बटणं मी न थांबता लावली. पाचही. मी ते कोणाला सांगावं? मांजरीला सांगितलं.

तिथे गुणाबाई म्हणून एक आहेत, पासष्टीच्या. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरवर रागावल्या होत्या. म्हणाल्या, 'मी तं बिडीले हातई नाई लावला, मंग मले काऊन झालं?' कहकशाँने विचारलं, स्वयंपाक कशावर करता? चुलीवर, चाळीस वर्षं, खिडकी नसलेल्या खोलीत. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला आपली एटापल्लीची क्वार्टर दिसत होती. तो कुडाचा स्वयंपाकखोप, ओली लाकडं, आणि फुंकणीने फुंकून फुंकून लाल झालेले तुझे डोळे. तू खोकायचीस आणि मी बाहेरून म्हणायचो, 'बिडी मी पितो अन् खोकते तू!' मोठा विनोद केला असं मला वाटायचं. भागीरथा, प्रफुलला सांगून एकदा तुझी छाती तपासून घे. नळीत जोराने फुंकायला लावतात, दुखत नाही. जिना चढताना तुला दम लागतो का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतो आहे. खरं सांग.

व्यायाम सुरू करण्याआधी एक चाचणी असते. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवतात आणि सहा मिनिटं त्यांच्यामधे चालायचं, जेवढं होईल तेवढं. बोटाला चिमटा लावलेला असतो, तो रक्तातली हवा दाखवतो. पहिल्या वेळी मी दोनदा थांबलो आणि दीडशे मीटरही पुरे झाले नाहीत. मला रडू आलं. कहकशाँ माझ्या मागे-पुढे नव्हती, अगदी बाजूला चालत होती. माझा पाय लहान पडला की तिचाही लहान पडायचा. मी थांबलो तर ती थांबायची. मी म्हटलं, 'तू हो पुढे, बाई.' ती म्हणाली, 'मले कुठीच जाचं नाई, काका. सावकाश.'

आणि मला तो एटापल्लीचा रस्ता आठवला. प्रफुल तीन वर्षांचा होता. तुला मी पहिल्यांदाच क्वार्टरवर घेऊन चाललो होतो आणि नाल्याला पूर आल्यामुळे बसने अलीकडेच उतरवून दिलं. पाणी ओसरल्यावर आपण पलीकडे गेलो आणि अकरा किलोमीटर चाललो. माझ्या खांद्यावर पेटी. तुझ्या कडेवर प्रफुल, डोक्यावर बोचकं, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाचं. तू दोनदा म्हणालीस, 'थांबा नं थोडं.' मी म्हणालो, 'चाल, चाल, आभाळ भरून राह्यलं.' आभाळ काही भरलं नव्हतं. मला फक्त पुढे चालायची सवय होती. बायकोसाठी रस्त्यात थांबलेला गार्ड कोणी पाहिला तर हसतील असं वाटायचं. त्या रस्त्यावर हसायलासुद्धा कोणी नव्हतं, भागीरथा. तू क्वार्टरवर पोहोचलीस तेव्हा मी हातपाय धुऊन बसलेलो होतो. प्रफुलला माझ्या मांडीवर दिलंस आणि चूल पेटवायला गेलीस. त्या व्हरांड्यात परक्याची पोर माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होती आणि मला तुझा तो चेहरा दिसत होता, जो मी तेव्हा वळून पाहिलाच नाही.

पुढे प्रफुलची शाळा आणि आईबाबांचं म्हातारपण म्हणून तू गावी राहिलीस आणि मी जंगलात. दीड-दोन महिन्यांनी चार दिवस यायचो. तू फाटकापाशी उभी असायचीस. मी समजायचो, सहज उभी आहे. बसची वेळ तुला कशी माहीत असायची, हा विचारही कधी केला नाही. आता मी संध्याकाळी पाचच्या बसच्या वेळेला ओट्यावर बसतो. तू येणार नाहीस हे माहीत असतं, तरी बसतो. बस वळणावर हॉर्न देते आणि माझं लक्ष उतरणाऱ्या बायांच्या पायांकडे जातं. वाट पाहणं हे एक कामच आहे, अंग दुखतं त्याने. तू ते एकवीस वर्षं केलंस आणि वर मी आलो की विचारायचीस, 'दमले काय?'

आता चांगली बातमी. गेल्या शुक्रवारी पुन्हा चाचणी झाली. एकदाही न थांबता तीनशे दहा मीटर. कहकशाँने टाळ्या वाजवल्या, गुणाबाईंनीही. रोज संध्याकाळी मी नाल्यापर्यंत जाऊन येतो. सकाळी जात नाही, कारण मोहाखालचा पाचोळा जाळतात आणि तो धूर मला चालत नाही. दोन वेळा थांबतो, पण आता कोणाच्या बैलांचं कौतुक करत नाही. रस्त्यात सरळ उभा राहतो, फुंकर मारतो, मग पुढे जातो. कोणी विचारलं तर सांगतो, दम लागला. मी बरा झालो असं समजू नको. या आजारात बरं होणं नसतं. थंडीत पुन्हा बिघडू शकतं. पण उरलेलं वापरता येतं, एवढं शिकलो.

नईमभाऊ मात्र गेले. होळीनंतर त्यांना निमोनिया झाला आणि चार दिवसांत संपलं. त्यांची बायको, रहमतबी, दर खेपेला त्यांच्यासोबत यायच्या. बाकावर बसून पाण्याची बाटली मांडीवर धरायच्या आणि नईमभाऊंनी श्वास सोडला की त्यांच्याबरोबर ओठ हलवून मोजायच्या, एक, दो, तीन, चार. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. दहा-बारा दिवसांपूर्वी त्या नईमभाऊंकडे असलेलं व्यायामाचं सामान परत द्यायला आल्या. काम झालं तरी गेल्या नाहीत, वर्ग संपेपर्यंत त्याच बाकावर बसल्या. निघताना मला म्हणाल्या, 'भाऊ, तुमच्या घरच्या कुठी असतात?' मी सांगितलं, नाशिकला, पोराकडे. 'त्यायले मालूम हाय?' मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्या म्हणाल्या, 'आमी दोघं मिळून मोजत होतो. शेवटपर्यंत. मले आता तेवढंच पुरते. तुमी एकटेच मोजून राह्यले, भाऊ. त्यायच्यासाठी काई ठेवून नाई राह्यले.' त्या रागाने बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहून हातातली पिशवी सावरली आणि बस पकडायला गेल्या. मी दहा दिवस कागद आणू आणू म्हणत होतो. काल आणला.

आता ज्यासाठी कागद आणला ते. दिवाळीच्या पाडव्याला तुझा फोन आला होता. प्रफुल आणि साधना पोरीला घेऊन कोणाकडे गेले होते, घरात तू एकटी होतीस. तू विचारलंस, 'मी येऊ काय घरी?' तुझा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, 'कशाला?' आणि फोन ठेवला. त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस. इतके महिने मी स्वतःची समजूत घालत आलो की तेव्हा दम नव्हता, जास्त बोलता येत नव्हतं, म्हणून एकच शब्द निघाला. पण एका श्वासात किती शब्द बसतात हे आता मला नीट कळतं, त्यामुळे ही समजूत टिकत नाही. 'ये' हा शब्द 'कशाला'पेक्षा लहान आहे, भागीरथा. त्याला दम लागत नाही. मला तू हवी आहेस हे तोंडाने म्हणायची लाज वाटली, एवढंच खरं आहे. ती लाज या वयातही जात नाही, म्हणून फोन हातात असून पत्र लिहितो आहे. माझी सेवा करायला येऊ नको. पाणी मी भरतो, भात मी शिजवतो, पंप वेळेवर ओढतो. दिव्यानीला सोडून निघणं तुला जड जाईल, तेही मला कळतं. म्हणून किती दिवस, कधी, हे मी काही म्हणत नाही. फक्त तू विचारलं होतंस त्याचं उत्तर सहा महिने उशिरा देतो आहे. ये.

तुझाच,
मुखरू